केर कोणाच्या दारी?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. लहानपणी मला याचे हसू येई. बारा महिने दाराआड तोंड लपवून उभी राहणारी ही वस्तू एका संध्याकाळपुरती लक्ष्मी होऊन पाटावर बसते! पुढे आईने एकदा समजावले, “अरे, घरातला केर जी बाहेर काढते, ती लक्ष्मीच.” मला ते पटले. पण बाहेर काढलेला केर पुढे कुठे जातो, हे मी आईला विचारले नाही. हा प्रश्न तिनेच मला विचारला, पुष्कळ वर्षांनी, २०२४ च्या पाडव्याला. आणि तोही केरसुणीवरून नव्हे, तर स्कूटरवरून.

त्या पाडव्याला मी विजेवर चालणारी स्कूटर घेतली. हिरवी पाटी, तिच्यावर पांढरी अक्षरे. बायकोने गाडीला ओवाळले, चाकाखाली लिंबू ठेवले. आई मात्र गाडीच्या मागे जाऊन वाकून काहीतरी पाहत होती.

“काय शोधतेस, आई?”

“हिची धुराची नळी कुठंय?”

“हिला नळी नसते. हिला धूरच नाही.”

“असं कसं? काम करायचं म्हटलं की धूर हा व्हायचाच. मग तो जातो कुठं?”

सगळे हसले. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो. उत्तर ठाऊक नसले म्हणजे शिक्षकाला असे हसता येते.

आम्ही वाईला राहतो. माझी शाळा अठरा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात. गाडीची बॅटरी तीन युनिट विजेत भरते आणि मला ऐंशी किलोमीटर नेते. पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचे झाले, तर हा हिशेब कोलमडतो. उतरताना थोडी वीज परत मिळते, पण ती दुकानदाराने मोडीतून परत केलेल्या सुट्या पैशांइतकीच. एकंदरीत गाडीविषयी माझी तक्रार नव्हती. अडचण निराळीच होती. गाडी घरी आली. पण तिला पाजायला घरात जागा नव्हती.

आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडे. आमचे दुसऱ्या मजल्यावर. खालच्या वाहनतळावर दिवा आहे, पण त्याचा मीटर समाईक. सेक्रेटरींनी सरळ विचारले, “आठ घरांची वीज एका घराच्या गाडीत कशी घालू?” त्यांचे म्हणणे रास्त होते. तळमजल्यावरच्या काकूंची भीती वेगळी. २०२२ च्या मार्च-एप्रिलात देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या, त्यांतली एक पुण्यात, भर रस्त्याकडेला. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून कडक केले, हे मी काकूंना सांगितले. काकू म्हणाल्या, “नियम झाले ते बरं झालं. पण भिंतीपलीकडं नातू झोपतो माझा.” यावर काय बोलणार?

मग दुसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडून पाहिली. चार्जरवर लाल दिवा लागला आणि गाडीने तोंड मिटले. वायरमन म्हणाला, “अर्थिंग नाही, गुरुजी. खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून पट्टी पुरायला लागेल.” खड्डा खणायचा म्हणजे इमारतीची जागा हवी, आणि जागा हवी म्हणजे पुन्हा आठ घरांची सही!

अखेर मी सोपी वाट काढली. आमच्या शाळेत मुलांसाठी संगणक आहेत, त्यांच्यापायी अर्थिंग उत्तम केलेले आहे. मी दिवसाआड गाडी त्या खोलीच्या खिडकीशी लावू लागलो. आमचे शिपाईमामा वायर आत घेऊन प्लग लावीत आणि दुपारी आठवणीने काढीत. कोणाची परवानगी घ्यावी, असे माझ्या मनातही आले नाही. मी तर गावात स्वच्छ हवा आणीत होतो! वर्गात प्रदूषणाचा धडा शिकवताना मी मुलांना खिडकीतून गाडी दाखवी. मामांच्या धूर ओकणाऱ्या जुन्या मोपेडवरूनही मी त्यांना एक-दोनदा ऐकवले. ते म्हणाले, “घेऊ की गुरुजी तुमच्यासारखी. पण भाड्याची एक खोली, दार थेट रस्त्यावर. मालक मोबाइलच्या चार्जिंगवरनंसुद्धा बोलतो.” ते मी ऐकले आणि विसरलो.

शाळेचे वीजबिल गावाच्या वर्गणीतून भरले जाते. दोन महिन्यांनी बैठकीत कोणीतरी बिल पुढे टाकले. दर महिन्याला तीस-पस्तीस युनिटांची वाढ कशी? एक सदस्य म्हणाले, “मामा थंडीचे रात्री शाळेतच निजतात. शेगडी लावीत असतील.” मामा दाराशी उभे होते. त्यांनी खाली पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. आणि मी? मीही फरशीकडे पाहत बसलो. संध्याकाळी घरी निघालो, तेव्हा त्या गाडीला आवाज नव्हता आणि मलाही नव्हता.

त्या रात्री आईचा प्रश्न मला कळला. माझ्या गाडीचा धूर मामांच्या दारी गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांपुढे सारे सांगितले, बैठक भरवून सदस्यांनाही सांगितले, आणि दोन महिन्यांचे पैसे भरले. रक्कम अगदी क्षुल्लक होती. म्हणूनच लाज अधिक वाटली. मामांना विचारले, “तुम्ही बोलला का नाहीत?” ते म्हणाले, “मुलांपुढं तुमचा शब्द गेला असता, गुरुजी. माझा जाऊन जाऊन शेगडीपुरता जाणार.” या वाक्याला माझ्या कुठल्याच कादंबरीत जोड नाही.

मग मी त्या धुराचा खरोखरच माग काढू लागलो. आपल्या देशातली सुमारे पाऊण हिस्सा वीज २०२३ साली कोळशावर झाली. आपल्या राज्यात चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातले अतिप्रदूषित औद्योगिक पट्टे ठरवले, त्यांत चंद्रपूरचे नाव होते. माझी नळी नाहीशी झाली नव्हती. ती फार लांब झाली होती, इतकेच. तिचे एक टोक वाईत आणि दुसरे कोणा चंद्रपूरकराच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. आणखी एक फाटा समुद्रापार जातो. माझ्या बॅटरीत कोबाल्ट आहे, आणि जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. तिथे हाताने खाणी खणणाऱ्यांत शाळकरी वयाची मुलेही आढळली आहेत. मी मास्तर, ‘शाळकरी’ हा शब्द मला ओलांडून जाता येत नाही.

इथे कोणी म्हणेल, “मग झाले तर! पेट्रोल काय नि वीज काय, सगळे एकच.” हेही खरे नव्हे, आणि असे म्हणणे फार सोयीचे असते. माझी जुनी गाडी शंभर किलोमीटरला दोन लिटर पेट्रोल पिई. लिटरामागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे साडेचार किलोच्या वर. नवी गाडी, वाटेतली गळती धरून, शंभर किलोमीटरला साधारण चार युनिट घेते. आपल्याकडच्या विजेत युनिटामागे सुमारे सात-आठशे ग्रॅम. म्हणजे तीन किलोच्या आसपास. शिवाय शाळेतून सुटलेल्या पोरांच्या नाकासमोर ती काही सोडीत नाही. उद्या कोळशाच्या जागी ऊन-वारा वीज करू लागले, तर हा आकडा आपोआप उतरेल; पेट्रोलच्या गाडीचा उतरणार नाही. म्हणजे एक तृतीयांश केर खरोखरच निघाला. दोन तृतीयांश दुसऱ्याच्या दारी गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीचे नाव घेऊन दुसरी झाकता येत नाही.

मला वाटते, आपल्यासारख्या गरीब-श्रीमंत शेजारी राहणाऱ्या देशात चांगुलपणाचे हेच कोडे आहे. पुण्य करायलाही अंगण लागते. ज्याला स्वतःचा मीटर, स्वतःची भिंत, स्वतःचे अर्थिंग, त्याला धूर सोडावा लागत नाही. ज्याचे दार रस्त्यावर उघडते, त्याचा धूर सर्वांना दिसतो आणि उपदेशही त्यालाच ऐकावा लागतो. गाडी घेतली यात माझे चुकले नाही. चुकले ते हे की, घेताक्षणी मी स्वतःला स्वच्छ समजलो, आणि जो स्वतःला स्वच्छ समजतो त्याला आपला केर दिसत नाही. कमी अपाय करणे ही चांगली गोष्ट आहे; पण तिचे मानपत्र घेऊन दुसऱ्याच्या दारापुढे उभे राहू नये.

पुढे आमच्या इमारतीत खड्डा खणला गेला. खर्च माझा, मीटर वेगळा, आणि जागा काकूंच्या भिंतीपासून दूर, कंपाउंडाच्या कोपऱ्यात. रात्री दहानंतर प्लग काढायचा, ही काकूंची अट मी आनंदाने मान्य केली. शाळेतही आता एक लहान मीटर बसला आहे. कोणीही, शिक्षक असो वा शिपाई, वही लिहून युनिटाचे पैसे भरावेत आणि वीज घ्यावी. मामांची मोपेड अजून पेट्रोलचीच आहे. नव्या गाडीचे पैसे कुठून यायचे, हा प्रश्न मीटरने सुटत नाही. पण त्या वहीत त्यांच्या नावाचे एक पान मी मोकळे ठेवले आहे, आणि धुराविषयी त्यांच्याशी बोलणे बंद केले आहे.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आईला पाहत होतो. तिने अंगण झाडले, केर उंबऱ्याबाहेर लोटला नाही. सुपली आणली, वाकून केर भरला, आणि हाताने उचलून नेला. इतकी वर्षे ती हेच करीत आली असणार. मी फक्त केरसुणीच पाहत होतो.