वास जातो कुठे?

मराठीत वास ‘येतो’ आणि वास ‘जातो’. दिवाळीआधी दारांना ऑइलपेंट लावला की घरभर टर्पेंटाइनचा वास कोंदतो. खिडक्या सताड उघड्या टाकल्या की दोन-चार दिवसांनी आपण म्हणतो, गेला एकदाचा. तो गेला कुठे, हे कोणी विचारत नाही. फ्रिट्स वेंट यांनी विचारलं.

वेंट मूळचे हॉलंडमधल्या उत्रेख्तचे, वनस्पतिशास्त्रज्ञ. विशीत असताना त्यांनी ओटच्या कोवळ्या कोंबांचे शेंडे कापून अगारच्या तुकड्यांवर ठेवले आणि मग तो तुकडा शेंडा छाटलेल्या कोंबावर एका कडेला टेकवला. कोंब वाकून वाढू लागला. शेंड्यातून काहीतरी झिरपून अगारमध्ये उतरलं होतं. ते ऑक्सिन हे संप्रेरक. झाडातून न दिसणारं काही बाहेर पडतं, तर ते कुठेतरी साठलेलं सापडलंच पाहिजे, ही त्यांची खोड तेव्हापासूनची असावी.

पुढे ते कॅलिफोर्नियात गेले. तिथे त्यांचेच देशबंधू आरी हागेन-स्मिट अननसाच्या स्वादाचं रसायनशास्त्र धुंडाळत होते. लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं त्यांना त्यातून ओढून काढलं. पेट्रोलची वाफ, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ऊन यांच्या संगतीनं ओझोन आणि धुरकं तयार होतं, हे त्यांनी दाखवलं. त्याच्याही ऐंशीएक वर्षं आधी भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी काचेच्या नळीत सेंद्रिय बाष्प भरून त्यात प्रखर प्रकाश सोडला होता आणि नळीत निळा ढग उमटला होता. मग अमेरिकेतल्या ब्लू रिज डोंगरांवर, जिथे मोटारींची गर्दी नाही, तिथे उन्हाळ्यात निळसर धूसर पडदा का असतो? पाइनच्या जंगलाचा वास म्हणजे मुख्यतः टर्पीनं. टर्पेंटाइनमधलं पायनीन त्यांतलंच. वेंट यांनी पाइनच्या कुस्करलेल्या सुया ओझोन मिसळलेल्या हवेत धरल्या. निळा धूर दिसला. प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक कण निळा रंग जास्त विखुरतात; म्हणून तो निळा. १९६० साली ‘नेचर’मध्ये त्यांनी हे मांडलं.

जगभरच्या झाडांतून वर्षाला साडेसतरा कोटी टन असा माल हवेत जातो, असा त्यांचा अंदाज होता. तो फार कमी निघाला. आज झाडांतून निघणाऱ्या आयसोप्रीन या एकट्या बाष्पाचाच आकडा पन्नास कोटी टनांच्या घरात धरतात. शिवाय हा सगळा माल खाली बसून त्याचंच पेट्रोलियम होत असावं, असंही त्यांना वाटलं. ती वाट चुकीची होती, पण प्रश्न बरोबर होता.

राजकारण्यांच्या हाती हा विचार पडला तेव्हा त्याचं हसं झालं. १९८० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी प्रदूषणाचं खापर झाडांवर फोडलं. विद्यार्थ्यांनी एका झाडावर फलक लावला की मी पुन्हा खून करण्याआधी मला तोडा. गंमत अशी की त्यात कणभर तथ्य होतं. झाडांची बाष्पं मोटारींच्या धुराला भेटली की ओझोन वाढतो. पण धूर झाडं सोडत नाहीत.

खरं कोडं वेगळंच होतं. पायनीन झटकन उडून जातं. उडणाऱ्या वस्तूचा कण बनायचा कसा? फिनलंडमध्ये ह्यूटियालाच्या जंगलात मार्क्कू कुल्माला आणि त्यांचे सहकारी १९९६ पासून कण मोजत आहेत. वसंतात भर दिवसा एकाएकी एक-दोन नॅनोमीटरचे असंख्य कण जन्मतात आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातात. आलेखावर त्याचा आकार केळ्यासारखा दिसतो आणि शास्त्रज्ञ त्याला केळंच म्हणतात! उत्तर २०१४ मध्ये मिळालं. ओझोन पायनीनचा दुहेरी बंध तोडतो. त्या रेणूच्या एका टोकाला चिकटलेला ऑक्सिजन दुसरीकडचा हायड्रोजन ओढून घेतो, मोकळ्या जागी नवा ऑक्सिजन बसतो, आणि हे काही सेकंदांत पुन्हा पुन्हा घडतं. ऑक्सिजनच्या ओझ्यानं रेणू इतका जड होतो की त्याला उडता येत नाही. दोन वर्षांनी सर्न या संशोधन संस्थेतल्या प्रयोगानं दाखवलं की कण जन्मायला, आवश्यक मानलेल्या आणि मुख्यतः कारखान्यांच्या धुरातून येणाऱ्या गंधकाम्लाची मदतही लागतेच असं नाही. म्हणजे गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहण्याआधीचं आकाश आपण समजत होतो तितकं कणविरहित नसावं, आणि ढगांचं बी असलेले हे कण तेव्हाही जंगलं पेरत असावीत. हवामानाच्या गणितात ही लहान दुरुस्ती नव्हे.

आयसोप्रीनची कहाणी मात्र मला जास्त आवडते. त्यातून कण होतच नाहीत, असं बराच काळ मानलं जाई. २००४ मध्ये ॲमेझॉनच्या हवेतल्या कणांत त्याच्या खुणा सापडल्या. २००९ मध्ये उलट दिसलं की ते इतरांच्या कणांचा जन्मच रोखतं. आणि २०२४ मध्ये, ॲमेझॉनवर खूप उंच गेलेल्या विमानातल्या मोजमापांवरून, त्याचा पत्ता लागल्याचं जाहीर झालं. रात्रीची वादळं जंगलातलं आयसोप्रीन दहा-बारा किलोमीटर वर फेकतात. तिथल्या कडाक्याच्या थंडीत, विजांनी बनवलेल्या नायट्रोजन ऑक्साइडांच्या सोबतीनं, ते सूर्य उगवायची वाट पाहतं. ऊन पडताच कण जन्मू लागतात.