प्रत आणि प्रतिनिधी

प्रयागच्या २०२५ च्या महाकुंभात एकाने ११०० रुपयांत ‘डिजिटल स्नान’ विकायला काढलं. आपण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा, तो त्याची छापील प्रत काढून संगमात बुचकळणार. त्याच कुंभात एक बाई नवऱ्याशी व्हिडिओ कॉल चालू असताना फोनच पाण्यात बुडवताना दिसल्या. देशभर खसखस पिकली, आमच्या ग्वाल्हेरच्या नया बाज़ारातही पिकली. ते हसणं ठीकच होतं. पण त्यानंतर मासिकांतून, व्याख्यानमालांतून आणि ओट्याओट्यांवर जो वाद रंगला, तो त्या हसण्याहूनही उथळ होता.

यंत्राने धर्म बुडवला म्हणणाऱ्यांनी आरतीच्या लाउडस्पीकरचं काय ते आधी सांगावं. मुळात स्नानानेच काही होत नाही म्हणणाऱ्यांचा मुद्दा नेटका आहे; पण मग डिजिटल स्नानावर वेगळं हसण्याचा हक्क त्यांना उरत नाही. खरा धोका तिसऱ्या मताचा, कारण ते सभ्य आहे, समंजस वाटतं आणि कोणालाच दुखवत नाही. ते म्हणतं, भाव महत्त्वाचा, बाकी सगळं साधन. पूर्वी बैलगाडीने जात, मग रेल्वेने, आता फोटोने. भाव शुद्ध असला की पोहोचतं.

हे मत मांडणारे हटकून रविदासांच्या कठौतीची गोष्ट सांगतात: मन चंगा तर कठौतीतच गंगा. त्या गोष्टीत रविदास गंगेला जातच नाहीत. त्यांना जायची गरजच वाटत नाही. डिजिटल स्नानवाल्याला मात्र गंगा हवी आहे, संगमच हवा आहे, मुहूर्तही हवा आहे. नको आहे तो प्रवास आणि थंड पाणी. संतांनी यात्रा नाकारली तेव्हा तिच्यासोबत यात्रेचं पुण्यही सोडलं. इथे यात्रा सोडायची आणि पुण्य घरपोच मागवायचं. भावच पुरेसा असेल तर फोटो कशाला? ११०० रुपये कशाला? नया बाज़ारातल्या मोरीत बादलीभर पाणी अंगावर घ्यावं आणि मोकळं व्हावं. भाववादी माणूस संतांचं नाव घेतो आणि पंड्याची नदी उसनी आणतो. या दोन घरांत आजवर पटलेलं नाही, हे त्याच्या गावीही नसतं.

हा वाद ऐकताना मला सारखी आठवण येते ती मॉर्मनांची. मराठी वाचकाला हा पंथ बहुपत्नीत्वाच्या जुन्या बदनामीपलीकडे फारसा माहीत नाही. ती प्रथा त्यांच्या मुख्य चर्चने १८९० सालीच सोडली. भारतात त्यांची संख्या नगण्य. बंगळुरूला मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली. पण श्रद्धा आणि तंत्रज्ञान या प्रश्नावर त्यांच्याइतका सलग अनुभव दुसऱ्या कोणा धर्मसमाजाजवळ असेल असं वाटत नाही. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने स्थापलेला हा पंथ. यूटाच्या वाळवंटात पोहोचल्यावर त्यांनी १८६० च्या दशकात स्वतःची तारयंत्रणा उभारली. १९२२ मध्ये रेडिओ केंद्र काढलं. इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणीचा जनक फायलो फार्न्सवर्थ त्यांच्याच घरातला. नवं यंत्र आलं की ते घाबरत नाहीत. देवाने वेळेवर पाठवलं असं मानतात.

त्याचं कारण त्यांच्या धर्मशास्त्रात आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमकं तेच सुटतं. मॉर्मन मानतात की बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या पूर्वजांसाठी जिवंत वंशजाला मंदिरातल्या कुंडात उतरून बाप्तिस्मा घेता येतो. परलोकात तो स्वीकारायचा की नाकारायचा, हे मृताच्या हाती. ही प्रथा १८४० पासूनची. पण त्यासाठी नाव लागतं. आपल्या तर्पणात ज्यांचं कोणी नाही, ज्यांची नावंही माहीत नाहीत, त्यांनाही एक ओंजळ मिळते. मॉर्मनांकडे ती सोय नाही. तिथे एकेक माणूस नावानिशी सापडावा लागतो. म्हणून १८९४ मध्ये वंशावळींची संस्था निघाली, १९३८ पासून मायक्रोफिल्म सुरू झाली, सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून तिजोरी खणली गेली. तिथे चोवीस लाखांच्या आसपास रिळं जमली, आणि २०२१ मध्ये त्यांचं डिजिटल रूपांतर पुरं झालं. आता जुनी हस्ताक्षरं वाचायला यंत्रबुद्धी जुंपली आहे. आधुनिक होण्याची हौस म्हणून यातलं काही झालेलं नाही. पितरांची काळजी होती, तिने यंत्र ओढून आणलं.

त्या डोंगरात आपलेही पूर्वज आहेत. हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा, ज्वालामुखी अशा तीर्थांवरच्या पंड्यांच्या बह्या याच संस्थेने मायक्रोफिल्म करून नेल्या. व्हॅटिकनने २००८ मध्ये आपल्या धर्मप्रांतांना कळवलं की गावच्या चर्चची दप्तरं मॉर्मनांना चित्रित करू देऊ नका. आपल्या पंड्यांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं.

कारण बही काय आहे ते पाहा. लांबट, अरुंद पानांची, मधोमध दुमडून सुतळीने बांधलेली. पंडा आधी गाव विचारतो. आमच्या लश्कर भागातल्या मराठी माणसाची इथेच पंचाईत होते: दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर आलेलं घराणं, दोनशे वर्षं ग्वाल्हेरात, पण पंड्याला हवं असतं साताऱ्याकडचं किंवा कोकणातलं ते मूळ गाव, जे आपण पाहिलेलंही नसतं. ते सांगितलं की बही निघते आणि तीत पणजोबांची मोडी सही निघते. त्याखाली आपण लिहायचं: कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, कोण जन्मलं. आणि मग बही मिटून विधी सुरू होतो. नोंद वेगळी, कर्म वेगळं. बहीचा फोटो काढून यूटाला नेला म्हणून कोणाचं श्राद्ध तिथे घडलं नाही आणि इथलं अडलंही नाही. नोंदीची प्रत काढता येते, कितीही काढा.

कर्माची प्रत निघते का? मार्च २०२० मध्ये साथीमुळे मॉर्मनांनी जगभरची मंदिरं बंद केली. पृथ्वीवरच्या जवळजवळ प्रत्येक देशात एकाच वेळी प्रवचन पोहोचवण्याची यंत्रणा त्यांच्याजवळ होती, मृतांची नावं संगणकात तयार होती. त्यांनी पडद्यावरून एकही बाप्तिस्मा केला नाही. कुंडात उतरणाऱ्याचं सगळं अंग पाण्याखाली जावं लागतं, साक्षीदार उभे असतात, आणि थोडंसं अंग जरी वर राहिलं तरी पुन्हा बुडी. देह नसेल तर काम थांबलं. भाववाद्याला हे हट्टी वाटेल. त्याने एवढंच सांगावं, की यंत्राशी दीडशे वर्षं मैत्री असलेल्या समाजाला ही सोय सुचली नसेल का?

सुचली असणारच. पण त्यांच्याकडे एक भेद पक्का आहे, जो आपल्याकडे त्यांच्याहून जुना असून आपण विसरत चाललो आहोत: प्रतिनिधी आणि प्रत यांतला. प्रतिनिधी म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतः उभा राहणारा. त्याला थंडी वाजते, वेळ लागतो, त्याचं काहीतरी खर्ची पडतं. प्रत म्हणजे गैरहजर माणसाचं रूप. तिला काहीच होत नाही. मीमांसकांनी यावर अख्खा विचार करून ठेवला आहे. सोम न मिळाला तर पूतिका वनस्पती चालेल, द्रव्याला पर्याय आहे. पण देवतेला, अग्नीला, मंत्राला, क्रियेला पर्याय नाही, आणि यजमानालाही नाही, कारण फळ त्याचं आहे. पुढे धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी नित्य-नैमित्तिक कर्मांत पत्नी, मुलगा, भाऊ, पुरोहित यांना प्रतिनिधी म्हणून सवलत दिली. काम्य कर्मात दिली नाही. स्वतःची इच्छा पुरी करायची तर स्वतः या.

गेल्या पितृपक्षात नया बाज़ारातल्या एका घरात हा भेद मी डोळ्यांनी पाहिला. नातू न्यू जर्सीत, गुरुजी इकडे आजोबांच्या जुन्या पाटावर. तिकडे नातवाने फोन तिळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. गुरुजी ‘अपसव्य’ म्हणाले. पोराने जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, पण पडद्यावर त्याला स्वतःचं रूप आरशासारखं उलटं दिसत होतं, म्हणून त्याने ते पुन्हा डावीकडे नेलं. गुरुजींना सरळच दिसत होतं. ते ओरडले, “अरे, फोनकडे बघू नकोस, आपल्या खांद्याकडे बघ!” मग त्याने आपल्या हाताने, आपल्या अंगठ्याजवळून पाणी सोडलं. या तर्पणात मला काहीही खोट दिसत नाही. यंत्राने मंत्र पोहोचवला, कर्म देहाने केलं. गयेला बिहारच्या पर्यटन महामंडळाची ई-पिंडदानाची सोय आहे. तिथे पुरोहित प्रतिनिधी होतो, विधीचं चित्रण घरी येतं. हे दुय्यम आहे, पण पुरोहित उन्हात बसतो. प्रतिनिधी आहे.

फोटो बुचकळणं मात्र यांत बसत नाही. इथे भाववादी आपलं सगळ्यात जड हत्यार काढतो, आणि ते खरंच जड आहे. शास्त्रातच लिहिलं आहे की कुशाची प्रतिमा करून आई, वडील, भाऊ, मित्र किंवा गुरूच्या नावाने तीर्थात बुडवली तर त्यांना पुण्य मिळतं. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात चौथ्या खंडात हे सगळं सापडतं. मग कुशाची बाहुली चालते तर फोटो का नको?

चालतो. पण किती चालतो हेही त्याच वचनांत आहे: कुठे आठवा अंश, कुठे बारावा. आणि मजुरी घेऊन दुसऱ्यासाठी तीर्थाला जाणाऱ्याला सोळावा. त्या लोकांनी प्रतीला हाकलून दिलं नाही. तिची किंमत ठरवली. आणि बाहुली बुडवणारा होता कोण? स्वतः पायपीट करून आलेला, स्वतः पाण्यात उतरलेला मुलगा किंवा शिष्य, ज्याला बुडी मारताना घरी राहिलेल्या आईची आठवण झाली. प्रतीच्या मागे प्रतिनिधी उभा होता. फोटोच्या मागे भाडोत्री माणूस आहे, आणि अपूर्णांक गाळून तो पूर्णांक विकतो. भाववाद्याचं सगळं तत्त्वज्ञान या गाळलेल्या अपूर्णांकावर उभं आहे. ‘पोहोचतं’ असं तो म्हणतो. किती पोहोचतं, हा प्रश्न त्याला असंस्कृत वाटतो.

मॉर्मनांनाही प्रत की प्रतिनिधी हा प्रश्न चुकलेला नाही, आणि तिथे त्यांची बाजू लंगडी पडते. नावं सहज मिळू लागली तेव्हा उत्साही मंडळींनी ज्यांच्याशी काही नातं नाही अशांचेही बाप्तिस्मे उरकले. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं त्यांत निघाली. १९९५ मध्ये ज्यू संघटनांशी करार करावा लागला, आणि तरीही प्रकार थांबले नाहीत. २०१२ मध्ये गांधीजींच्या नावानेही हा विधी झाल्याच्या बातम्या आल्या. कुंडात उतरलेला देह खरा होता, पण त्याला उतरण्याचा अधिकार कोणी दिला? प्रतिनिधी असणं म्हणजे नातं असणं. नाव नुसतं यादीतून आलेलं असेल तर देह बुडवूनही हाती प्रतच राहते. त्यांचा नियम आता असा की गेल्या एकशे दहा वर्षांत जन्मलेल्यांसाठी जवळच्या जिवंत नातलगाची परवानगी हवी. नियम मोडला जातो, पण आहे. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या चर्चने यंत्रबुद्धीसाठीही तत्त्वं जाहीर केली. माणूस आणि देव यांच्या नात्याला यंत्राने आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये, हे त्यांतलं पहिलं.

आपल्याकडे २०२३ पासून गीतेवर पोसलेली संवादयंत्रं उपदेश करताहेत. उद्या संकल्पही सोडतील, गोत्रासकट. तो संकल्प कोणाचा मानायचा, हे सांगणारी सभा आपल्याकडे नाही, आणि असावी असा माझा आग्रहही नाही. पण नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये भरात येईल, उज्जैनचा २०२८ मध्ये. उज्जैन तर आमच्या दारातलं. फोटो बुडवणारे दोन्हीकडे येणार. त्यांना पोलिसांनी हाकलावं असं मी म्हणत नाही, त्यांच्या पोटावर पाय देण्यात अर्थ नाही. तीर्थोपाध्यायांनी बसून एवढं करावं: पावतीवर ‘आठवा अंश’ असं ठळक छापायला लावावं, मजुरीचा सोळावा त्याखाली. दर ११०० च राहू द्यावा.