डावीकडे वळणाऱ्यांना हसताना

‘नॅसकार म्हणजे काय, तर तीन तास डावीकडे वळायचं!’ हा विनोद आम्हा आयटीवाल्यांत हमखास चालतो. फॉर्म्युला वनच्या गाड्याही फिरून तिथेच येतात. पण मोनॅकोच्या बंदरात श्रीमंतांच्या बोटी दिसतात, म्हणून ते तंत्रज्ञान. मला वाटतं, विनोद गाड्यांवर नसतोच. तो बीअरचा कॅन घेऊन बसलेल्या कामगारावर असतो.

खरं तर टॅलाडेगाच्या वळणांना 33 अंशांचा उतार आहे. तिथे चिकटून धावणाऱ्या दोन गाड्या एकट्या गाडीपेक्षा वेगात जातात. मागचीला आडोसा मिळतो, पुढचीला मागे खेचणारी हवाही कमी होते. आम्ही हे फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरासाठी घोकतो. नेहमीच्या प्रेक्षकाला ते बघून बघून कळतं.

मग टीका करूच नये? जरूर करावी. 1963 साली जॅक्सनव्हिलची शर्यत वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय ड्रायव्हरनं जिंकली, पण आधी विजेता म्हणून गोऱ्या ड्रायव्हरचं नाव जाहीर झालं. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या राज्यांच्या झेंड्यावर नॅसकारनं बंदी घातली ती थेट 2020 मध्ये. झेंडा फडकवणं ही कृती आहे. तिचा जाब विचारता येतो. गिरणीच्या गावात जन्मणं ही कृती नव्हे.

आणि स्कॉट कुठला? व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा, कापडगिरण्यांच्या गावचा. स्वतःची गाडी स्वतःच दुरुस्त करणारा. सगळ्यांना ‘अडाणी’ म्हणून एकाच दावणीला बांधलं, की ज्याच्या बाजूनं आपण बोलतोय असं वाटतं, तोही त्याच दावणीला बांधला जातो.