न झिजलेले नाणे

सोन्याचा लोभ वाईट, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु जो मनुष्य सोने वितळवीत नाही, अंगावर घालीत नाही, केवळ जपून ठेवतो व त्याचा अभ्यास करतो, त्यास लोभी म्हणावे काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

अमेरिकेतील जुन्या सुवर्णनाण्यांचेच उदाहरण घेऊ. तेथे १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियास टांकसाळ निघाली आणि १७९५ साली पाच व दहा डॉलरची पहिली सोन्याची नाणी पडली. दहा डॉलरच्या नाण्याचे नाव ‘ईगल’, म्हणजे गरुड. वजन सुमारे साडेसतरा ग्रॅम, सोने बावीस कॅरटचे. कायद्याने एक भार सोन्याची किंमत पंधरा भार चांदीइतकी ठरविली होती. पुढे युरोपात सोन्यास त्याहून अधिक चांदी मिळू लागली. मग व्हायचे तेच झाले. नाणी देशाबाहेर गेली आणि मुशीत पडली. १८०४ नंतर ईगल पाडणेच कित्येक वर्षे बंद राहिले. १८३४ च्या कायद्याने नव्या नाण्यांतील सोने कमी केले, तेव्हा जुने नाणे खर्चण्यापेक्षा वितळविण्यातच लाभ उरला. १८२२ साली पाच डॉलरची १७,७९६ नाणी पाडल्याची नोंद आहे. त्यांतील आज तीनच ज्ञात आहेत. दोन स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तिसरे मार्च २०२१ मधील लिलावात ८४ लाख डॉलरला गेले.

ज्यांनी ही तीन बाजूला ठेवली, त्यांनी ठेवली म्हणूनच ती उरली. सगळेच व्यवहारी निघाले असते तर एकही उरले नसते. शिवाय संग्राहक हा कृपणासारखा नुसता मोजत बसत नाही. १७९५ च्या गरुडाच्या पायाखालील फांदीला तेरा पाने आहेत की नऊ, हे तो पाहतो. ठशाला गेलेल्या तड्यावरून कोणते नाणे आधी पडले ते सांगतो. इतके लक्ष देऊन पाहणे हीसुद्धा एक साधनाच आहे, असे म्हणण्यास माझी हरकत नाही.

परंतु या छंदाची मोजपट्टी पाहा. नाण्याची प्रत १ ते ७० अशी ठरते, आणि ६० च्या वरची प्रत व्यवहारात न फिरलेल्या नाण्यालाच मिळते. ज्याने बाजारहाट केला, मजुरी चुकती केली, शेकडो हातांतून जाऊन जे झिजले, ते हलके. ज्याने जन्मात काही केले नाही, ते मोलाचे! कायकाला मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा चमत्कारिकच वाटणार. असो, नाणे म्हणजे काही मनुष्य नव्हे.

खरी अडचण निराळीच आहे. आयदक्की मारय्याने एके दिवशी गरजेपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा लक्कम्माने ते परत टाकून येण्यास सांगितले, ही कथा आपणांस ठाऊक आहे. तेथे अधिक असणे हा दोष होता. येथे संग्राहकाजवळ अधिक काहीच नाही, एकच नाणे आहे. त्याचे मोल मात्र दुसऱ्याजवळ ते नाही यात आहे. बाकीची सतरा हजार वितळली, म्हणूनच हे ८४ लाखांचे झाले.

समजा, उद्या एखाद्या पडक्या घराच्या भिंतीत १८२२ ची तीनशे नाणी सापडली. अभ्यासकाला आनंदच होईल. तीनपेक्षा तीनशेंवरून कितीतरी अधिक शिकता येईल. संग्राहक आणि अभ्यासक एकाच देहात राहत असतील, तर ती बातमी कानी पडताच त्या दोघांपैकी आधी कोण बोलेल?