तीन किलोमीटरचं क्षितिज

सहलींची यादी घटकाभर बाजूला ठेवा. अलास्काच्या क्रूझचं बुकिंग झालं की ती येतेच: केचिकानला काय कराल, जुनोला काय, स्कॅगवेला काय. कुणी व्हेल दाखवायला नेतं, कुणी हेलिकॉप्टरनं हिमनदीवर उतरवतं, कुणी १९०० साली पुऱ्या झालेल्या व्हाइट पासच्या अरुंद रुळांवरून डोंगर चढवतं. त्या गर्दीत मधेच एक ओळ असते, सी कयाकिंग. शेजारी फोटो: निळं पाणी, पिवळी होडी, हसणारी दोन माणसं. फोटो खोटा नसतो. पण केचिकानला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या तोडीचा. रत्नागिरीला तो चार महिन्यांत उरकतो, तिथं बारा महिने वाटून येतो. फोटोवाला कोरडा दिवस गाठून गेला असणार.

तेव्हा आज काही ठरवायचं नाही. सिॲटलहून लेक फोनवर विचारेल, "आई-बाबा, तुमचं काय ठरलं?" तिला म्हणा, बघतो, सांगतो.

आधी डोळ्यांची उंची बघू. जहाजाच्या वरच्या डेकवर उभे आहात असं धरा, पाण्यापासून ३० मीटर वर. पृथ्वीच्या गोलाईचा साधा हिशेब केला तर तिथून क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर पडतं. हातात कॉफीचा कप, समोर बेटांमागं बेटं. स्पीकरवरून कुणी सांगतं, उजव्या अंगाला व्हेल. सगळे उजवीकडं धावतात.

आता मनानंच खाली या. लिफ्टनं खालच्या मजल्यावर, फळीवरून धक्क्यावर, धक्क्यावरून छोट्या बोटीत, बोटीतून दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर. तिथं ओळीनं कयाक मांडून ठेवलेल्या आहेत. एकीत बसलात. डोळे आता पाण्यापासून पाऊण मीटर वर, आणि क्षितिज आलं तीन किलोमीटरवर. विसाचे तीन झाले, आणि त्यासाठी पैसे मोजले तुम्ही.

हा सौदा सावकाश तपासा. प्रवासात आपला हिशेब एरवी उलटा असतो. जास्त दिसलं की पैसे वसूल. कयाक घेणाऱ्याची त्या बंदरातली बाकीची मजा हुकते. व्हेलच्या बोटीवर गेलेले संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मोबाइल पुढं करतील, शेपटी कशी वर आली ते दाखवतील, आणि तुमच्याकडं दाखवायला ओल्या बाह्या असतील. ते टेबल डोळ्यांपुढं आणा. जीव किती खट्टू होतो? थोडा झाला तर हरकत नाही. फार झाला तर व्हेलच्या बोटीवर जावं. त्यात कमीपणा काही नाही, आणि ती बोटही उत्तमच असते.

आता उरलेल्या तीन किलोमीटरांत काय आहे ते पाहू. खरं तर तीन मीटरांत. वल्हं उचललं की पात्यावरचं पाणी दांड्यावरून हाताकडं घरंगळतं. ते अडावं म्हणून दांड्याला दोन्हीकडं रबराची एकेक चकती असते. बरंचसं अडतं. उरलेलं मनगटावरून बाहीत शिरतं आणि कोपरापर्यंत जातं. भर जुलैतही त्या पाण्याचं तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास असतं. दहाएक मिनिटांनी त्याची सवय होते, आणि मग वल्हं मांडीवर आडवं ठेवून थांबता येतं.

थांबल्यावर दिसू लागतं. बुल केल्प नावाचं समुद्रशेवाळ तळाच्या खडकाला धरून एकाच मोसमात पंधरा-वीस मीटर वाढून वर आलेलं असतं, टोकाला कांद्याएवढा पोकळ गोळा आणि त्याला फुटलेल्या लांब पट्ट्या. ओहोटी असेल तर कातळाच्या कुशीला जांभळे, नारिंगी तारामासे चिकटलेले. सीलचं डोकं वर येतं, तुमच्याकडं बघतं आणि बुडतं. पाण्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज इथं खालून येत नाही, कानाच्या पातळीवर चारी बाजूंनी येतो.

आणि एखादा समुद्री ऑटर दिसेल, उताणा तरंगत, छातीवर शिंपला फोडत. त्याच्यापाशी जास्त वेळ रेंगाळा. तुम्ही बसला आहात त्या होडीच्या पूर्वजांचं त्याच्याशी मोठं वाईट नातं आहे.

अलास्काच्या नैर्ऋत्य टोकाला अल्यूशियन बेटांची माळ आहे. तिथं झाडं उगवत नाहीत. तिथले उनांगन लोक समुद्रानं वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा बांधत, त्यावर सी लायनचं कातडं शिवत आणि त्या होडीतून शिकारीला जात. अंगात प्राण्यांच्या आतड्यांचा पातळ सदरा, पाणी आत न येऊ देणारा. त्याचा घेर होडीच्या तोंडाभोवती आवळून बांधला की लाट वरून गेली तरी आत थेंब नाही. आज किनाऱ्यावर तुमच्या कमरेला जो नायलॉनचा स्प्रे स्कर्ट चढवतात, तो त्याच युक्तीचा.

दर्यावर्दी बेरिंगच्या १७४१ च्या मोहिमेनंतर रशियन व्यापारी ऑटरच्या फरसाठी इकडं धावले. ऑटरच्या अंगात व्हेल-सीलसारखा चरबीचा थर नसतो. थंडी अडवतो तो फर, आणि इतका दाट फर दुसऱ्या कुठल्याच सस्तन प्राण्याला नाही. तोच त्याच्या जिवावर उठला. रशियनांना स्वतःला ही शिकार साधेना, म्हणून त्यांनी उनांगन पुरुषांना, पुढं कोडियाक बेटावरच्यांनाही, जबरीनं जुंपलं. पुष्कळदा घरची माणसं ओलीस ठेवून. त्यांच्याच होड्यांचे शेकड्यांनी तांडे करून त्यांना आग्नेय अलास्कातल्या सिट्कापर्यंत आणलं. सिट्काचा मुलूख टलिंगित लोकांचा. त्यांनी १८०२ मध्ये रशियनांचं ठाणं जाळून टाकलं, तरी रशियन परत आले आणि तिथंच त्यांनी राजधानी केली. १८६७ साली ७२ लाख डॉलरना अलास्का अमेरिकेला विकून ते गेले. १९११ च्या करारानं ऑटरची शिकार थांबली, पण आग्नेय अलास्कात तोवर ऑटर उरलाच नव्हता. आज तुम्हाला दिसणारा ऑटर १९६५ ते १९६९ या काळात दुसरीकडून आणून सोडलेल्या चारेकशे ऑटरांचा वंशज आहे.

निसर्गाशी एकरूप वगैरे झाल्यासारखं वाटायला लागलं तर हे आठवावं. मार्गदर्शक सांगेलच असं नाही, त्याला वेळेत परत न्यायचं असतं.

आता पाण्याकडं वळू. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी हा भाग गाळू नये, आणि ज्यांना येतं त्यांनी तर मुळीच गाळू नये. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसाचं काय होतं याचा अभ्यास केला, त्यातले बरेच प्रयोग स्वतःच्या अंगावर. त्यांचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. बर्फगार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वासाचं. छाती आपल्याला न विचारता जोरजोरात हवा ओढते, त्या वेळी तोंड पाण्याबाहेर असलं म्हणजे झालं. लाइफ जॅकेट सर्वांत आधी या एका मिनिटासाठी. पुढची दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. लोकांची समजूत उलटी असते. थंडीनं गारठून माणूस जातो असं वाटतं, आणि जाणारे पुष्कळ जण पहिल्या मिनिटातच गेलेले असतात.

हे वाचताना तुमचाही श्वास वर चढला असेल. तो खाली येऊ द्या, पूर्ण.

मग भीतीचे दोन ढीग करा. एकात पाण्याची भीती. दुसऱ्यात फजितीची: होडीत चढताना तोल जाईल, आपल्यामुळं सगळे मागं राहतील, तरण्या पोरांत आपण म्हातारे दिसू. पहिला ढीग बहुतेकांचा वाटतो त्यापेक्षा लहान निघतो. बेटांच्या आडोशाला, शांत पाण्यात, दोघांची रुंद कयाक सहजी उलटत नाही, आणि पोहता न येणाऱ्यांनाही पुष्कळ ठिकाणी घेतात. उलटलीच तर स्कर्टचा पुढचा पट्टा ओढून बाहेर कसं यायचं ते निघण्याआधी दाखवतात. ते दाखवत असताना सेल्फी काढू नये. दुसरा ढीग मोठा निघाला तर निघू दे. त्यावर उपाय नाही, पण त्याला पाण्याची भीती म्हणायचं थांबवलं की तो जरा हलका होतो.

आता उठा आणि जमिनीवर बसा. आत्ता, घरीच. पाय समोर लांब, गुडघे किंचित वाकवून बाहेरच्या बाजूला, पाठ कशालाही न टेकता. कयाकमध्ये पाठीमागं छोटा आधार असतो, पण तो आहे असं धरू नका. हातात काठी घ्या आणि वल्हं मारल्यासारखं करा. खांद्यांतून नाही, कमरेतून वळा. खांद्यांनी वल्हवणारा अर्ध्या तासात थकतो. पंधरा मिनिटं असं करा, घड्याळाकडं न बघता. पंगतीला तासभर मांडी घालून बसणाऱ्यांनाही हे जड जातं, कारण इथं ताण येतो मांडीच्या मागच्या बाजूवर आणि कमरेच्या खालच्या मणक्यांवर. कुठं दुखलं ते बघत राहा. शेवटी हाताचा आधार न घेता उठायचा प्रयत्न करा. जमलं नाही तर नाही. मार्गदर्शक हात देतातच. पण गुडघ्यानं आतून स्पष्ट नको म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नये.

याच सदरात आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात बारीक अक्षरांतही नसते. किनारा सोडल्यापासून परत लागेपर्यंत लघवीला जायची सोय नाही. पाणी काढणारी रक्तदाबाची गोळी सकाळी घेत असाल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

बाकीचं भराभर. सुती कपडे आणि जीन्स नकोत, भिजले की अंगाला गार चिकटून बसतात. आतून लोकर किंवा सिंथेटिक. विचारायचं एवढंच: साडेतीन तासांच्या सहलीत प्रत्यक्ष पाण्यावर किती वेळ? (दीड तास म्हणाले तर दचकू नका.) कुठं वल्हवायचं? केचिकानपुढची टोंगास नॅरोज ही सामुद्रधुनी सी-प्लेनची आणि जहाजांची वहिवाटीची वाट आहे. तिथून बोटीनं दूर, बेटांच्या आडोशाला नेणारी सहल असेल तर ती घ्यावी. भरती-ओहोटीची काळजी त्यांच्यावर सोडा. जुनोकडं उधाणाच्या दिवसांत पाणी सहा मीटरांहून जास्त चढतं-उतरतं, सहलीच्या वेळा त्याच्याकडं बघूनच लावलेल्या असतात. ग्लेशियर बे ज्यांच्या मार्गावर आहे त्यांनी तिथं कयाकची आशा धरू नये. मोठ्या क्रूझमधून तिथं कुणाला उतरवत नाहीत. आणि सहल जहाजामार्फत घ्यायची की बाहेरून? बाहेर बहुधा स्वस्त पडते आणि गट लहान असतो. पण जहाजाची सहल लांबली तर जहाज थांबतं, बाहेरची लांबली तर थांबत नाही. मी असतो तर पहिल्या खेपेला जहाजाचीच घेतली असती.

व्हेलबद्दल राहिलं. अलास्कात हंपबॅकच्या १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९० मीटरांच्या आत जायला कायद्यानं मनाई आहे, कयाकलासुद्धा. आपण जायचं नाही. ती आपण होऊन आली तर होड्या एकत्र आणून स्वस्थ बसायचं. हिवाळ्यात ती हवाईच्या समुद्रात असते, तिथं पिल्लं घालते, जवळजवळ काहीच खात नाही, आणि उन्हाळ्यात खायला इतक्या लांब येते. ती जेवायला आलेली आहे, आपण फिरायला.

शेवटी बरोबरचं माणूस, आणि इथं खरा वेळ द्या. अशा सहलींत होडी बहुधा दोघांची असते. पुढचा वल्ह्याची लय ठरवतो. मागचा पायाच्या पट्ट्यांनी सुकाणू धरतो आणि पुढच्याच्या लयीत वल्हं मारतो. पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढच्याची पाठ सोडून फारसं काही दिसत नाही. दोन वल्ही एकमेकांवर आपटतात, पाणी उडतं, आणि मग "अहो, डावीकडं!" सुरू होतं. जगभरचे कयाकवाले या होडीला गमतीनं घटस्फोटाची होडी म्हणतात.

तेव्हा ज्याच्याबरोबर बसणार त्याला मनात पुढच्या जागेवर बसवून बघा. त्याच्या लयीत दीड तास वल्हवता येईल? तो मधेच थांबला, नुसता केल्पकडं बघत बसला, तर तुमच्या तोंडून काही निघेल? आता जागा बदला. तुम्ही पुढं. मागून तो काय करतो आहे ते दिसत नाही, होडी मात्र वळते आहे. मान वळवून बघावंसं किती वेळा वाटतं?

माझं मत विचाराल तर मागं त्यानं बसावं ज्याला गप्प बसता येतं, मग ताकद कुणाचीही जास्त असो. आणि दोघांपैकी एकालाच जायचं असेल तर एकट्यानंच जावं. जोडीला कुणी परका प्रवासी देतात, नाहीतर मार्गदर्शक स्वतः बसतो. परक्यावर आपण ओरडत नाही, त्यामुळं होडी सरळ जाते. दुसऱ्यानं छत्री घेऊन केचिकानच्या क्रीक स्ट्रीटला जावं. धक्क्यापासून चालत गाठण्यासारखं आहे, लाकडी खांबांवर उभी घरं आहेत, आणि ऑगस्ट असेल तर खालच्या ओढ्यात सामन मासे प्रवाहाविरुद्ध चढताना फुकट बघायला मिळतात. परत यायची वेळ मात्र दोघांनी जहाजाच्या घड्याळावर ठरवावी. काही जहाजांचं घड्याळ बंदराच्या घड्याळाशी जुळत नाही.