पैशातला ‘ऐ’

चि. रेवास,


परवा फोनवर तू हसत सांगितलंस, पण आवाज काही हसरा नव्हता. पुण्यातल्या मेसमध्ये तू ‘पैसे’ म्हणालीस आणि शेजारच्या मुलीनं विचारलं, ‘तू नक्की मराठीच ना?’ त्यावर फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

आधी तुझ्या तोंडात नेमकं काय झालं ते सांगते. जन्मभर हिंदी शिकवली, तेवढा अधिकार आहे. मराठीत ‘ऐ’ म्हणजे अ आणि इ यांची जोडी: ‘पइसा’. हिंदीत तो एकच सलग, पसरट स्वर. आपल्या ‘बॅट’मधल्या ‘ॲ’च्या जवळचा. ‘औ’चंही तेच. पुण्यात ‘अउषध’, तर तुझ्या भोपाळी तोंडात ‘ऑषध’. म्हणून तर हिंदीत बॅटला ‘बैट’ आणि बँकेला ‘बैंक’ लिहितात. माझी आत्या अमरावतीहून पहिल्यांदा इथे आली, तेव्हा न्यू मार्केटमधली पाटी तिनं मोठ्यानं वाचली: ‘बइंक’! आम्ही पोरं तिला आठवडाभर चिडवत होतो. तेव्हा हसणारे काही पुण्यातच असतात असं नाही.

हे तोंड तुला आलं कुठून? 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरचे कितीतरी कारकून बिऱ्हाडं बांधून इकडे आले. माझे वडील त्यांतलेच. ते ‘मले’, ‘तुले’ म्हणायचे. आई ग्वाल्हेरची, तिच्या मराठीत हिंदी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. भिंतीपलीकडे इंदूरचं कुटुंब. टी. टी. नगरच्या त्या क्वार्टरांत आम्ही पोरं शाळेत ‘क्रिश्न’ म्हणायचो आणि घरी देवासमोर ‘क्रुष्ण’. एकाच देवाला दोन स्वरांनी हाका मारल्या. त्याची काही तक्रार आली नाही.

आता त्या शेजारणीला एक विचार: ‘केले’ असं लिहितेस, ते म्हणतेस कसं? ती ‘केलं’च म्हणेल. मालवणचा माणूस ‘केलां’ म्हणेल. आमच्या लहानपणीच्या पुस्तकांत ‘केलें’ छापलेलं असे. ते डोक्यावरचे अनुस्वार 1962 च्या लेखननियमांनी काढले. नियमांनी लिहिण्याची शिस्त लावली. पण ‘केले’ लिहून ‘केलं’ बोलणाऱ्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही, कारण तसं बोलणारे पुष्कळ आहेत. ‘पैशा’चा तुझ्यासारखा उच्चार करणारे तिथे थोडे, एवढाच तुझा गुन्हा.

दूर आयर्लंडमध्येही हीच गंमत आहे. आयरिश भाषेत ‘जीवन’ या अर्थाचा एक शब्द आहे. त्यातल्या स्वराचा दक्षिणेकडे मन्स्टरमध्ये ‘ए’ होतो, पश्चिमेला कॉनाख्टमध्ये ‘ई’. लिहितात मात्र एकसारखंच. 1958 साली तिथल्या सरकारनं शुद्धलेखन आणि व्याकरण यांचं प्रमाण छापलं. उच्चाराचं प्रमाण काही ठरवलं नाही. शाळेत शिकणाऱ्या पोरांची त्यामुळे पंचाईत होते खरी, पण मन्स्टरच्या आजीला कोणी ‘तू आयरिशच ना?’ असं विचारत नसावं.

म्हणून काहीच शिकू नकोस असं मी म्हणणार नाही. मास्तरणीच्या तोंडी ते शोभायचंही नाही. ‘पइसा’ म्हणायला शीक. कान लावलास तर आठ दिवसांत जमेल. नाटकात काम करायचं म्हणतेस, तिथे तर तो उच्चार लागेलच. पण नवा स्वर घेताना जुना टाकून देऊ नकोस. इथे भाजीवाल्याशी बोलताना तू ‘पइसा’ म्हणालीस, तर तोही विचारेल, ‘बिटिया, बाहर से आई हो?’

आणि एक मागणं. रोज रात्री फोनवर विचारतेस ना, ‘आजी, औषध घेतलंस का?’ त्यातला ‘औ’ तेवढा सुधारू नकोस. पुण्याच्या ‘औ’नं विचारलंस, तर दवाखान्यातून फोन आला असं वाटेल मला.

तुझी,
आजी
भोपाळ