विठोबाला मागे ठेवून जाता येतं का?



आजचं वाचन: संत नामदेवांच्या गाथेतलं तीर्थावळीचं प्रकरण.

हे प्रकरण आज मुद्दाम निवडलंय. पुढच्या शनिवारी मी पुणं सोडतेय. 14 वर्षांपूर्वी कॉलेजसाठी आले, मग नोकरी लागली आणि इथलीच होऊन गेले. आता हॅम्बुर्गला नवं काम, नवी भाषा, नवं घर. उत्सुकता आहेच, ही संधी मी स्वतः मागून घेतलीय. पण बॅगा भरताना एकच प्रश्न सारखा वर येतोय: माझी भक्ती माझ्याबरोबर येणार आहे, की ती या शहराचीच होती?

खरं सांगायचं तर इथे भक्तीला फार कष्ट पडत नाहीत. ऑफिसहून येताना लकडी पुलाजवळच्या विठ्ठल मंदिरात पाच मिनिटं टेकता येतं. मनात आलं की बसने आळंदी गाठता येते. एकादशी मी विसरले तरी शेजारच्या काकू विसरत नाहीत, साबुदाण्याच्या खिचडीची वाटी दारात हजर. आणि वारीत तर माऊली आणि तुकोबा स्वतःच आपल्या गावात मुक्कामाला येतात, एक पालखी भवानी पेठेत, एक नाना पेठेत. हे सगळं बाजूला काढलं तर माझ्यापाशी काय उरतं?

नामदेवरायांची अडचण अगदी हीच होती. ज्ञानेश्वर माऊली पंढरपुरी आले आणि म्हणाले, चल, तीर्थयात्रेला जाऊ. आपण असतो तर लगेच हो म्हटलं असतं. नामदेवांचा पाय मात्र निघेना. सगळी तीर्थं ज्याच्या पायाशी, तो इथे विटेवर उभा असताना बाहेर जायचं कशाला? शेवटी विठोबानंच परवानगी दिली आणि नामदेवांना माऊलींच्या हाती सोपवलं, याला सांभाळा म्हणून.

इथे थोडं थांबू या. नामदेव निघाल्यावर देवसुद्धा व्याकुळ झाला, असं तीर्थावळी सांगते. मला हे फार मोलाचं वाटतं. निघताना रडू आलं की आपल्याला कोणीतरी लगेच वैराग्य शिकवतं: 'आसक्ती सोड, देव सगळीकडे आहे.' अरे, पण ज्याला सगळीकडे असता येतं, त्यालाही भक्ताचा विरह झालाच ना! म्हणजे रडू येणं ही श्रद्धेतली उणीव नाही. प्रेम केलं होतं, त्याची ती पावती आहे. मात्र देवानं रडून नामदेवांची वाट अडवली नाही. आसक्ती आणि प्रेम यांतला फरक मला इथे दिसतो. आसक्ती धरून ठेवते. प्रेम डोळे पुसतं आणि चांगल्या सोबतीला हात देऊन पाठवतं.

पुढे वाळवंटी मुलखात दोघांना तहान लागते. एक विहीर सापडते, पण पाणी खोल तळाशी. माऊली योगबळानं खाली जाऊन पाणी पिऊन येतात. नामदेवांकडे ती विद्या नाही. ते तिथेच बसून आपल्या विठोबाला हाक मारतात, आणि विहीर भरून वाहू लागते. चमत्कार म्हणून ही गोष्ट आपण शंभरदा ऐकलीय. आज मला त्यात पत्ता बदललेला दिसला. जो फक्त पंढरीत भेटतो असं वाटत होतं, तो हाकेसरशी त्या अनोळखी मुलखात आला. हे पंढरीत बसून नामदेवांना कसं कळलं असतं? त्यासाठी घरापासून लांब, तहानेनं घसा कोरडा पडायलाच हवा होता.

माऊलींच्या समाधीनंतर, म्हणजे 1296 नंतर, नामदेव पुन्हा उत्तरेकडे गेले, थेट पंजाबात. घुमानला आजही त्यांचं स्थान आहे आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. इकडे पंढरपुरात महाद्वाराची पायरी त्यांच्याच नावाची. दोन्हीकडची माणसं म्हणतात, नामदेव आमचे. गाव सोडल्यानं त्यांचं गाव तुटलं नाही, उलट एक गाव वाढलं.

म्हणून या आठवड्यात मी तीन गोष्टी करतेय. एक, ज्यांनी या शहरात माझी भक्ती सांभाळली, त्यांना भेटून नमस्कार. काकू पहिल्या. दोन, रोजच्या हरिपाठाची वेळ आतापासूनच ठरवून टाकलीय, तिथल्या घड्याळाप्रमाणे. तिथे देवळाची घंटा आठवण करून देणार नाही, आठवण मलाच ठेवायचीय. तीन, रडू आलं तर रडायचं.

आणि तुम्ही, जे इथेच राहताय? तुमच्या पीजीत, तुमच्या मजल्यावर लातूरहून, नागपूरहून, कुठून तरी कोणी नुकतं आलं असेल. त्याची पंढरी मागे राहिलीय. या एकादशीला त्याच्या दारावर एक वाटी खिचडी घेऊन जा. विहिरीला पाणी कधी कधी असंही येतं.

पांडुरंगा, जाणाऱ्यांच्या बरोबर चल आणि राहणाऱ्यांच्या घरी थांब. तुला दोन्ही जमतं.

राम कृष्ण हरी!